समोरच्या घरातली हरणारी टीम

ठाकुर्लीला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ सकाळी सकाळी अमेरिकेतल्या एका बास्केटबॉल टीमच्या मॅच बघतात. ती टीम कायम हरते. दार उघडं टाकून बघतात, त्यामुळे सगळ्या मजल्याला ते कळतं. "जुने प्लेयर काढून नवीन घ्यावेत की," असं कोणी म्हटलं की चहावर फुंकर मारत म्हणतात, "घाई काय आहे? बघू या." एकदा टीम खूपच मागे पडलेली, ऑफिसला उशीर झालेला, तरी एका पायात बूट घालून ते शेवटपर्यंत उभे होते. "हरताना उठून जाणं बरं नाही दिसत," म्हणाले.

माझी मुलगी कॉलेजला जायच्या आधी तिथेच बसते. घरी माझ्याशी 'हं'च्या पुढे बोलत नाही. तिकडून तिचं हसणं ऐकू येतं. मला तो माणूस सहन होत नाही. त्याला नावं ठेवायला काही सापडत नाही, हे तर त्याहून सहन होत नाही.

परवा मी मोबाइलवर त्या टीमबद्दल मिळेल ते वाचून काढलं आणि जेवताना म्हटलं, "त्या टीमने सगळे प्लेयरच बदलायला हवेत."

तिने ताटावरून नजर वर केली. "नाही रे बाबा. काका म्हणतात, पोरांना एकमेकांची सवय व्हायला वेळ लागतो." मग ती भरभरून बोलत राहिली, मधूनमधून त्यांच्यासारखंच "घाई काय आहे" म्हणत. शेवटी मायेने म्हणाली, "तू पण ये ना सकाळी. काका काही बोलणार नाहीत."