जहाजावरची चादर

चाकणच्या एका बड्या हॉटेलात मी हाउसकीपिंगची सुपरवायझर. त्यामुळे मुलाने हौसेने क्रूझवर नेलं, तरी माझं लक्ष समुद्रापेक्षा चादरीच्या कोपऱ्यांकडेच. पहिल्याच सकाळी सवयीने मी आमचा पलंग स्वतःच आवरून टाकला. खोली आवरायला आलेल्या मालवणकडच्या गृहस्थांचा चेहरा उतरला.

"ताई, असं नका करू. आमच्या साहेबांना वाटेल, पाहुण्यांना माझं काम पसंत नाही."

त्यांनी माझी चादर काढली आणि हसत हसत पुन्हा घातली.

जेवताना मुलाने विचारलं, "आई, सर्व्हिस कुणाची भारी? यांची की तुमची?"

"यांची," मी म्हटलं. आमच्या हॉटेलातल्या पोरी शिफ्ट सुटायच्या आधीच घड्याळ बघतात आणि घरी जाताना काळेवाडीपर्यंत बसमध्ये मला शिव्या घालतात. ठाऊक आहे मला. हे गृहस्थ मात्र सकाळ-संध्याकाळ हसतमुख.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "ड्यूटी सुटली की जाता कुठे?"

त्यांनी बोटाने पायाखाली दाखवलं. "इथंच, खाली. घरी थेट पुढच्या गणपतीत." हसू तसंच.

शिव्या घालायलासुद्धा माणसाला घरी जाणारी बस लागते.

संध्याकाळी मुलगा पुन्हा सर्व्हिसचं कौतुक करायला लागला.

"गप जेव," मी खेकसले.