दोन डिग्र्यांची रुखसार

रुखसारला गोष्टी सांगायचा नाद लागला तो भूकंपाच्या साली. घरात निजायची कुणाची छाती होत नव्हती. लातुरातली त्यांची अख्खी गल्ली मैदानात, ताडपत्र्यांखाली येऊन पडली होती, आणि भेदरलेली लेकरं गुंतवून ठेवायचं काम या आठ-नऊ वर्षांच्या पोरीकडं आलं. गोष्ट संपली की लेकरं म्हणायची, "मग?" त्या 'मग'ची तिला गोडी लागली.

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. तिचे अब्बा पाशामियाँ दुकानांच्या पाट्या लिहायचे, ते आता क्लासेसच्या लिहू लागले. रुखसार बी.एस्सी. झाली आणि अण्णाराव सरांच्या क्लासमध्ये फिजिक्सचे पेपर काढू लागली. प्रश्न इंग्रजीत, पण माणसं इकडचीच. 'एक वस्तू उतारावरून घसरते' असं नुसतं तिच्यानं लिहवायचं नाही. निलंग्याचा संगप्पा उसाची ट्रॉली घेऊन निघायचा, शेजारी रुसलेली बायको, आणि नेमका उतारावर ब्रेक लागायचा नाही!

एकदा पेपर सुटल्यावर अपूर्वा नावाच्या विद्यार्थिनीनं तिला जिन्यात गाठलं. "मॅडम, वेग बरोबर आला. पण संगप्पाच्या बायकोचा रुसवा गेला का?"

मागं घोळकाच उभा. उत्तर ऐकल्याबिगर कुणी हलेना.

अण्णाराव सरांनी बोलावून घेतलं. "रुखसार, पोरं गणित सोडून संगप्पाची काळजी करायलीत. असं कसं चालंल?"

ती पेपरांचा गठ्ठा उचलून निघाली. ती दारापाशी पोचते तोवर सरांनाच राहवेना. "बरं, गेला का रुसवा?"

त्या दिवशी ती घरी हसतच गेली. फिजिक्सपेक्षा आपल्याला दुसरंच काही येतंय, हे तिला कळून चुकलं होतं. नेटवर शोधता शोधता तिला एक अभ्यासक्रम सापडला. कथा लिहायला शिकवणारा. पहिलं वर्ष हैदराबादेत, दुसरं स्कॉटलंडमध्ये, आणि शेवटी दोन्ही विद्यापीठांची एकेक एम.ए. तिनं संगप्पाची गोष्ट गणित गाळून नीट लिहिली, पाठवली. शिष्यवृत्तीसकट निवड झाली.

"लिखने की डिग्री?" पाशामियाँ चाट पडले. "मैं उमरभर लिखता आया, मेरे कू कोई दिया नै!"

अम्मी हुसेनबी मात्र घाबरली. "इत्ती दूर? नक्को बेटा." मग जरा थांबून म्हणाली, "दोनों डिग्र्या पक्की मिलती ना?"

शेजारच्या तुळजाबाईंना एकच एम.ए. दोन गावांत दोनदा का करायचं, हे काही उमगेना. क्लासेसच्या गावात हयात गेलेली बाई, त्यांनी हळूच विचारलं, "रिपीटर बॅच हाय का गं?" रुखसार पोट धरून हसली.

हैदराबादेतलं वर्ष बघता बघता सरलं. बोली घरचीच, फक्त रस्ते मोठे. खरी गंमत स्कॉटलंडात झाली. तिथली रीत अशी, की एकानं गोष्ट वाचायची, बाकीच्यांनी तिच्यावर बोलायचं, आणि लिहिणाऱ्यानं तोवर चकार शब्द काढायचा नाही. पहिल्याच आठवड्यात रुखसारनं प्राध्यापिकेला विचारलं, "बाई, आदर्श उत्तर कधी मिळणार?"

"नसतंच," बाई म्हणाल्या.

पेपर काढण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या रुखसारला हे ऐकून उन्हाळ्याची सुट्टी लागल्यासारखं वाटलं. त्या वर्षी तिनं मनसोक्त लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. पावसात भिजत समुद्रकाठी फिरली, वर्गाला शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी बघून वर साखर दिली.

दोन्ही डिग्र्या घेऊन ती परतली. नांदेडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवू लागली आणि तिसऱ्या वर्षी तिचं पुस्तक निघालं. पहिली प्रत घेऊन ती लातूरला आली. हुसेनबीला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून चुलीपाशी बसूनच रुखसार एकेक गोष्ट दखनीत सांगू लागली.

"ऐसा नै हुआ था," अम्मीनं दुसऱ्याच गोष्टीत, आत्याच्या रडण्यापाशी अडवलं. "तेरी फुफ्फू रोई नै थी, हँसी थी."

"अम्मी, ये झूटी कहानी है. बनाई हुई."

"फिर बराबर बना ना! हँसी तो जास्ती मजा आता."

अम्मीचं बरोबर होतं. छापील पानावरच दुरुस्त करायला रुखसारनं पेन मागितला. तोवर भात खाली लागून करपल्याचा वास घरभर सुटला होता, आणि दोघींपैकी एकीलाही उठायचं सुचत नव्हतं.