मास्तरांची पांढरी पाच

ऑर्केस्ट्रात किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेम्पोत स्पीकरच्या मधे कोंबून बसलं, की एकाचा किस्सा दुसऱ्याच्या मांडीवर येऊन पडतो. पण आमच्या श्रीगोंद्याच्या ऑर्केस्ट्रातले सगळे किस्से एकाच आवाजाचे आहेत. घूंऽऽऽ. माझ्या गिटारचं हमिंग.

मालक आणि गायक एकच, मास्तर. शाळेतून रिटायर झाले, शिकवणं काही सुटलं नाही. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं, हे ते गावोगाव माइकवरून सांगतात. स्वतःबद्दल एकच सांगतात, "मला सूर धरायला पेटी लागत नाही. पेटीची पाचवी पांढरी पट्टी, पांढरी पाच, माझ्या गळ्यात जन्मजात आहे!" म्हणून कार्यक्रमाचा पहिला आलाप ते एकटेच लावतात. वाद्यं सगळी चालू, पण वाजवायचं कुणी नाही. त्या शांततेत माझा अॅम्प घूं करत राहतो, आणि शिव्या मला.

*

माझ्या गिटारमधला सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी तांब्याची तार. गिटारच्या तारा हलल्या की तिला कळतं, आणि मांडवातल्या लाइटिंगची वीजही तिला तेवढीच कळते. एका विशिष्ट कोनात उभं राहिलं, तर हमिंग बरंच कमी होतं.

एका लग्नात तो कोन सापडला. माझी पाठ बरोबर नवरदेवाच्या चुलत्याकडं आली. ते सोफ्यावरून उठले.

"ए गिटारवाल्या, पाठ कुनाला दाखवतो? तोंड हिकडं कर."

मी विजेचं कारण सांगायला लागलो. दोन पोरं बाह्या सरसावून पुढं आली. मास्तरांनी माझी मान धरून मला फिरवलं. हमिंग दणकून सुरू झालं. चुलते खाली बसले आणि म्हणाले, "आता कसं, ऐकायला बरं वाटतंय."

*

पारनेरकडं एका गावात कार्यक्रम जनरेटरवर होता. लोड वाढला, जनरेटर दमला, दिवे मंद झाले, माझं घूं खाली आलं. नेमका तेव्हाच मास्तरांचा आलापही खाली घसरला. जनरेटर सावरला, मास्तर सावरले. स्टेजवरून उतरल्यावर म्हणाले, डिझेलच्या धुरानं घसा बसला.

आमचा साऊंडवाला दत्तूभाऊ माझ्या कानात म्हणाला, "धूर तर पलीकडं चालला हुता की."

*

मग शिर्डीच्या एका हॉटेलचं काम आलं. दर गुरुवारी, बागेत. मॅनेजरनं आम्हाला आधी एकदा ऐकलं होतं. त्याची अट एकच, तो डासासारखा आवाज नको. पहिल्या गुरुवारी आला, तर काम गेलं.

मास्तर मला म्हणाले, "हमिंग जाईल, नाहीतर तू जाशील. कीबोर्डमध्ये गिटारचं बटण असतं."

मी गेलो असतो तर बाप मला शुगर फॅक्टरीत उसाच्या वजनकाट्यावर बसवायला टपलेलाच होता. त्याला ही गिटार कधी एकदा माळ्यावर जाते असं झालंय.

*

एका मेलेल्या गिटारचा पिकअप काढला. त्यातलं चुंबक उपटलं आणि नुसती कॉइल माझ्या पिकअपला जोडली. ही कॉइल उलटी जोडायची. विजेचा आवाज दोन्ही कॉइलमध्ये शिरतो आणि ते दोन आवाज एकमेकाला खातात. बिनचुंबकाच्या कॉइलला गिटारच्या तारा कळत नाहीत, त्यामुळं सूर तेवढा शिल्लक राहतो.

मी ती सुलटी जोडली. हमिंग दुप्पट.

मास्तर चहा ढवळत म्हणाले, "तू दुसऱ्या वर्षापर्यंत तरी कसा पोचलास?"

दोन वायरी बदलल्या. एकदम चिडीचूप. दत्तूभाऊला वाटलं अॅम्प बंद पडला, त्यानं आवाज पार वरपर्यंत नेला आणि म्हणाला, "वाजीव बरं." मी वाजवलं. मास्तरांचा चहा मास्तरांच्या धोतरावर.

सॉरी मी म्हणालो नाही.

नवीन कॉइलमुळं सूर जरा बोथट होतो, म्हणून ती काढता-घालता यावी असा एक छोटा स्विच बसवला. स्विच तपासताना मोबाईलमधल्या सूर ओळखणाऱ्या ट्यूनरला सहज हमिंग ऐकवलं. पांढरी पाच, किंचित चढी. मास्तरांसाठी गिटार मला नेहमी तेवढीच चढी लावावी लागते.

मी ट्यूनर बंद केला आणि मोबाईल खिशात टाकला.

*

पहिला गुरुवार. मॅनेजर हाताची घडी घालून समोर उभा. वाद्यं सगळी चालू. इतकी शांतता, की शेवटच्या टेबलावरचा चमचा ऐकू येत होता.

मास्तरांनी डोळे मिटले, कानावर हात ठेवला, तोंड उघडलं. मिटलं. खाकरले. पाणी प्यायले. पुन्हा तोंड उघडलं. दत्तूभाऊ उगाच वायरी बघायला लागला. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं.

मास्तर माइक सोडून माझ्याजवळ आले. पाहुण्यांकडं पाठ करून उभे राहिले.

"ते जरा चालू कर."

"काय, मास्तर?"

मॅनेजर स्टेजकडं निघाला होता. मास्तरांच्या मानेवर घाम आला होता. माझा अंगठा स्विचवर होता.

"हमिंग," मास्तर म्हणाले. "थोडंसंच."