होममध्ये ठेवलेली फाईल

छापखान्यात त्यांना सगळे कानामात्रा म्हणायचे. मुद्रितशोधकाचं काम त्यांनी केस काळे असताना धरलं आणि डोक्यावर केसच उरले नाहीत तेव्हा सोडलं. एकदा सापडलेली चूक त्यांच्या नजरेतून पुन्हा निसटली, असं कधी झालं नाही. एखादा तावातावाने छापील पान घेऊन भांडायला आलाच, तर चष्मा न काढता म्हणायचे, "चूक नाही. मूळ प्रतीत तसंच आहे." पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. मुलगी लहानपणी हेच वाक्य त्यांच्यावर उलटवायची. गणित चुकलं, की मूळ प्रतीत तसंच आहे म्हणून मोकळी!

आता ती मुलगी दूरच्या शहरात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि तिची आई या जगात नाही. दोन खोल्यांत कानामात्रा एकटेच राहतात. सोबतीला बटणांचा फोन आणि मुलीचा जुना कॉम्प्युटर. रोज तिचा मेसेज येतो, "ठीक ना?" हे कळवतात, "ठीक." शुद्धलेखन दोन्हीकडून बिनचूक, पण बोलणं म्हणावं असं त्यात काही नाही. तिच्या आवाजासाठी त्यांचा जीव तुटायचा. पण स्वतःहून फोन करतील तर ते कानामात्रा कसले? तिच्यामागे कामाचा रगाडा, आपण कशाला लुडबुड करा, असं स्वतःलाच समजावत बसायचे.

मग कॉम्प्युटरने मान टाकली. हे दुखणं मेसेजमध्ये मावेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत मुलीने चक्क फोन केला.

"बाबा, हार्ड डिस्क गेलीय. नवी घालू, रॅमही वाढवू. पण आधी आत काय काय बसवलंय ते कळायला हवं. दोन पेनड्राइव्ह पाठवते. लालमध्ये लिनक्स आहे. डिस्क मेली तरी कॉम्प्युटर त्याच्यावर चालतो. निळा रिकामा आहे."

पेनड्राइव्ह पोचल्यावर लाल लावला आणि कॉम्प्युटर खरंच उठून बसला. मुलगी फोनवरून एकेक अक्षर सांगत गेली, हे एका बोटाने टाइप करत गेले. "मध्ये जागा सोडायची का?" "सोडा." "किती?" "बाबा, एकच!" पडद्यावर मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम असं सगळं भराभर उतरलं. हे पान समोर आल्यासारखे मोठ्याने वाचायला लागले.

"अहो, वाचताय काय? फाईल सेव्ह करा. दुकानदाराला द्यायचीय."

कुठे ठेवायची ते यादीतून निवडायचं होतं. सगळ्यात वर होतं होम. घरात ठेवलेली वस्तू जाणार कुठे, म्हणून यांनी तिथेच ठेवली आणि कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दिवशी बघतात तर फाईलचा पत्ता नाही.

ऐकून मुलगी खो खो हसली. "बाबा, ते घर खरं नसतं. पेनड्राइव्हवर चालवलं की होममधलं सगळं तात्पुरत्या मेमरीत राहतं. बंद केलं की पुसलं. निळ्यात ठेवायचं होतं!"

ते हसू तिच्या आईच्या माघारी त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. मग ती बोलतच राहिली. नवा साहेब किती खडूस आहे, पोळ्या अजून कशा वातड होतात, भाड्याची खोली संध्याकाळी कशी खायला उठते. कान तापेपर्यंत फोन चालला. ठेवल्यावर कानामात्रा पिठलं ढवळावं तसा नुसताच चहा ढवळत बसले. साखर घालायची राहिलीच होती.

पुन्हा सुट्टी, पुन्हा फोन, पुन्हा तीच अक्षरं. "आता निळा लावा आणि त्यातच सेव्ह करा. मला मीटिंग आहे, ठेवते. फाईल दुकानात दिलीत की झालं, मग कटकट संपली तुमची!"

कटकट संपली म्हणे. कानामात्रांनी निळा पेनड्राइव्ह हातात घेतला, उलटासुलटा पाहिला आणि शर्टाच्या खिशात टाकला. फाईल होममध्ये ठेवली. नाव नीट वाचून पाहिलं. मग कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "काय म्हणाला दुकानदार?"

"गेलो नाही. फाईल होममध्ये ठेवली होती."

पलीकडे ती हसेल म्हणून हे थांबले. ती हसली नाही.

"बाबा, निळा कुठाय?"

"खिशात."

"तुमच्या हातून तीच चूक पुन्हा?"

कानामात्रांनी चष्मा काढला. काचा पुसायच्या होत्या, असं त्यांचं म्हणणं.

"चूक नाही," ते म्हणाले. "मूळ प्रतीत तसंच आहे."

 पलीकडे तिने नाक ओढलं.

"उद्या सुट्टीत फोन करते," ती म्हणाली. "कॉम्प्युटर लावू नका."