अंगठ्याची मतं

जिल्हा परिषदेचा निकाल लागला त्या दुपारी सिरोंचाच्या तहसीलीबाहेर एक म्हातारा उभा होता. त्याचं नाव मी विचारलं नाही. फळ्यावर आकडे चढले की तो शेजाऱ्याकडून ते वाचून घ्यायचा आणि उजवा अंगठा धोतराला पुसायचा. अंगठा तर स्वच्छ होता.

त्याच्या गावची बाई सात मतांनी पडली. मतदानाच्या दिवशी त्या गावात माझीच ड्युटी होती. मला ओळखून तो जवळ आला.

"मास्तर, आमच्या गावचे तीस मतं बाद झाले म्हन्तेत. काऊन?"

"शिक्क्याऐवजी अंगठे उठवले होते, भाऊ."

"तुमीच तं म्हनले, अंगठा लावा."

ते मी यादीवरच्या सहीच्या जागेबद्दल म्हटलं होतं. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा, हे सांगणंही माझंच काम होतं. पण जंगलातून दिवसाउजेडी परतायचं म्हणून मी रांग पुढे ढकलत राहिलो.

त्याला मात्र म्हणालो, "नियमच आहे तसा."

त्यानं अंगठा निरखून पाहिला आणि हसला. "असन. पुढच्या टायमाले तुमीच या, मास्तर. नीट शिकवजा."

पुढच्या निवडणुकीत मी आजारपणाचा दाखला देऊन ती ड्युटी रद्द करून घेतली. मी आजारी नव्हतो.