मोकलसाहेबांची डबी

मोकलसाहेबांची आणि माझी पहिली भेट वडखळजवळच्या एका खड्ड्यात झाली. नव्वदच्या दशकात नागोठण्याजवळच्या एका कंपनीत मी नुकताच स्टोअर्समध्ये लागलो होतो आणि पेणहून कंपनीच्या जीपने निघालो होतो. पुढच्या सीटवर वायरलेस विभागाचे हे प्रमुख मांडीवर एक डबी घेऊन बसलेले. ड्रायव्हर रामभाऊंना ते शांतपणे म्हणाले, "परत एकदा त्याच खड्ड्यातून घ्या." असं किती वेळा झालं, ते माझ्या कमरेला विचारा.

ती डबी साहेबांनीच बनवली होती आणि पुढे कंपनीच्या सगळ्या गाड्यांत बसवली. गाडी जोरात आदळली की डबी आपोआप वायरलेसवरून कंट्रोल रूमला कळवी. तिथे घंटा वाजे आणि त्या गाडीच्या नंबरचा दिवा लागे. बेशुद्ध माणसाला हाक मारता येत नाही, एवढाच त्यामागचा विचार. पण आपला हायवे असा, की डबीला खड्डा आणि अपघात यांतला फरक कळेना. अ‍ॅम्ब्युलन्स धावत जाई, तर ड्रायव्हर टपरीवर चहा पीत असे. सगळे वैतागले. वरिष्ठांची बोलणी साहेबांनी एकट्याने खाल्ली, पण "वाजली की निघायचं" हा नियम काही बदलला नाही.

दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली. ड्रायव्हर मंडळींनी भक्तिभावाने डब्यांनाही हळदकुंकू लावलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. पूजा आटोपून मी आणि रामभाऊ रोह्याला निघालो. पुढचं मला कंट्रोल रूमच्या पाटलांनी नंतर सांगितलं. पाणी आत मुरलं आणि आवारातल्या गाड्यांच्या घंटा एकामागून एक सुरू झाल्या. त्यातच आमच्या जीपचाही दिवा लागला. पाटील म्हणाले, "नारलाचा पानी हाय सायेब, सुकला का थांबंल." साहेबांनी वायरलेसवर आम्हाला हाक दिली. उत्तर नाही. "ती गाडी आवारात नाही ना?" एवढंच विचारून ते स्वतः अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसले.

रोह्याच्या अलीकडे आमची जीप शेतात उलटली होती. रामभाऊ स्टिअरिंगखाली अडकलेले, माझ्या मांडीतून रक्त वाहत होतं, आणि रस्त्यावरून जीप दिसतही नव्हती. रस्ता सोडून गेलेल्या चाकांच्या खुणांवरून साहेबांनी ती शोधली. "आणखी उशीर झाला असता तर आम्ही हात टेकले असते," असं डॉक्टर म्हणाले.

साहेब रोज दवाखान्यात येत, घरची तांदळाची भाकरी आणत. डबीचा विषय त्यांनी काढला नाही. शेवटी रामभाऊच म्हणाले, "सायेब, पानी आमीच शिंपला." साहेब म्हणाले, "पूजा केलीत ते बरंच केलंत. पुढल्या वर्षी नुसतं फूल वाहा."

पुढलं वर्ष डब्यांच्या नशिबी नव्हतं. खोट्या घंटांचा त्रास नको म्हणून कंपनीने डब्याच काढून टाकल्या. साहेबांनी अर्ज केले, खेटे घातले आणि थकले. खरं सांगायचं तर त्यांच्यासोबत हिंडणारा मीही थकलो. आजही अपघात झाला की गर्दी जमते, आणि फोन कोणीतरी केलाच असेल असं प्रत्येकाला वाटतं.

साहेबांनी आता पंचाहत्तरी पूर्ण केली. गुडघे दुखतात हे ते सांगत नाहीत, जिना चढताना दिसतं. त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभावं, ही आम्हा सगळ्यांचीच इच्छा आहे. माझ्या इच्छेत थोडा स्वार्थही आहे. त्याच रस्त्याने आता माझी मुलगी रोज गाडी चालवत जाते. तिला काही झालं, तर खात्री होण्याची वाट न पाहता उठून निघेल, असा दुसरा माणूस मला अजून सापडलेला नाही.