तिसरीत बसलेली म्हातारी

अख्ख्या न्यूझीलंडात तिसरीचा अभ्यास कोणी इतक्या आरडाओरड्याने केला नसेल, जितका आमच्या पलीकडचीने केला. पलीकडची म्हणजे हिल्सबरोत आमच्या कुंपणापलीकडे लेकीकडे राहणारी म्हातारी. माझ्याच वयाची, म्हणजे सत्तरी कधीच ओलांडलेली. मूळची रेवदंड्याची, आणि ज्यू. कोकणात हे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बोलणं मराठी, नेसणं साडी, जेवणात नारळ. फक्त शनिवारी कामाला हात लावायचा नाही आणि कोळंबी खायची नाही. कोकणातली बाई कोळंबीला नाही म्हणते हे बघून पहिल्या दिवशी मी तिला आजारीच समजले होते.

तिसरीचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते नातीमुळे. नात ज्यू मुलांच्या शाळेत तिसरीत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. एक दिवस तिने घरी सांगितलं, की वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "तुझी आजी साडी नेसते, मग ती ज्यू कशी?"  आणि नात आईला म्हणाली, आजी-आजोबांच्या दिवशी आजी शाळेत नाही आली तरी चालेल. पलीकडचीने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन मला म्हणाली, "मी जाणार. आणि त्याआधी ती पोर जे जे शिकते ते सगळं शिकणार. बघते कोण मला नापास करतं!"

"तुझी दुसरीसुद्धा पुरी झालेली नाही," मी म्हटलं. मी चौथी पास आहे आणि हे मी कोणाला विसरू देत नाही.

"म्हणून तर आता तिसरी," ती म्हणाली.

शाळेत हिब्रू शिकवतात, आणि ती उजवीकडून डावीकडे लिहितात. हाताला सवय व्हावी म्हणून हिने जगच उजवीकडून सुरू केलं. कपडे उजवीकडून वाळत घालायचे, अंगण उजवीकडून झाडायचं. त्या शाळेत तिसरीला त्यांच्या जुन्या ग्रंथातल्या गोष्टीही शिकवतात. हिची सांगायची पद्धत अशी, की आदल्या दिवशी चाळीत घडल्यासारखं वाटावं. एकदा सकाळीच धापा टाकत आली. "अगं, थोरल्याने वाटीभर मसुरीच्या आमटीपायी आपला हक्क धाकट्याला देऊन टाकला! आणि बाप आंधळा, त्याला खुद्द आईने फसवलं!" मला वाटलं, पुकेकोहेला राहणाऱ्या तिच्या दिरांच्या घरातलं आहे. मी म्हटलं, "वकील गाठा, आणि त्या बाईला उंबऱ्यात उभी करू नका." पुढे दीर भेटले तेव्हा मी त्यांच्याशी बोललेसुद्धा नाही. बिचाऱ्यांनी आमटी पाहिलीही नव्हती.

सगळ्यांत कहर केला तो आशीर्वादांनी. खाण्याआधी देवाचे आभार मानायचे, आणि झाडाच्या फळाला शब्द वेगळे, जमिनीतल्याला वेगळे. तिसरीतली पोरं हे घडाघडा सांगतात. ही डेअरीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, चिप्सचं पाकीट घेऊन उभी राहायची आणि मागे रांग लागलेली असताना मला विचारायची, "बोल, बटाटा?" माझ्या मुलाने टौरंगाहून किवीफळांची पेटी आणली. किवीचा असतो वेल. त्याला झाड म्हणायचं का, हे नातीने शाळेतून विचारून येईपर्यंत हिने एक फळ तोंडात घातलं नाही. मी बारा खाल्ली.

फक्त केळ्याशी तिचं जमेना. नात म्हणायची, केळ दरवर्षी कापतात, म्हणून ते झाड नव्हे. केळ्याला जमिनीचे शब्द. ही भडकायची. "माझ्या बापाची केळीची बाग होती! मी तिच्या सावलीत वाढले आणि ते झाड नाही?"

"ना, आजी. रॉंग. हीप्स रॉंग." म्हणजे साफ चूक.

आजी-आजोबांचा दिवस आला. पलीकडचीने मलिदा केला. भिजवलेले पोहे, साखर, खोबरं, वेलची आणि वर केळं, खजूर अशी फळं. हे कोकणातल्या ज्यूंचंच, देवाचे आभार मानायला करतात. ठेवणीतली जांभळी साडी नेसली आणि चपला चावतात म्हणून पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपरा. परात धरायला मी होते.

वर्गात प्रत्येक आजी-आजोबांनी आपला पदार्थ दाखवून त्याचे योग्य शब्द म्हणायचे होते. चुकलं की पोरं एका सुरात ओरडत होती. एका आजोबांची त्यांनी पार दैना केली. आमची पाळी आली. ज्या मुलीने तो प्रश्न विचारला होता ती पुढेच बसली होती. नात आजीशेजारी मान खाली घालून उभी. पलीकडचीने परातीतलं केळं उचललं आणि झाडाचे शब्द म्हणायला तोंड उघडलं. मी मनात म्हटलं, मेली आता.

नातीने मान वर केली. इंग्रजीत सांगितलं असतं तर वर्गाला कळलं असतं. हिब्रूत सांगितलं असतं तरी कळलं असतं. ती हळूच पण स्वच्छ म्हणाली, "आजी, केळं नको. खजूर घे."

पलीकडचीने केळं असं बाजूला ठेवलं जणू ते आडवं येत होतं. खजूर उचलला, तेच झाडाचे शब्द म्हटले. पोरं "आमेन" म्हणून ओरडली. पुढे बसलेल्या त्या मुलीने नातीला विचारलं, "व्हॉट लँग्वेज वॉज दॅट?"

"अवर्स," नात म्हणाली, आणि परात माझ्या हातातून घेऊन स्वतः वाढायला लागली.

 येताना गाडीत पलीकडची मला म्हणाली, "ऐकलंस ना गं? काय म्हणाली ती?" मी सांगितलं. सिग्नलला पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. तिचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

नात आता पुढच्या वर्गात गेली आणि पुन्हा इंग्रजीतच उत्तरं देते. ते तसंच चालणार, मी उगाच गोड बोलणार नाही. पण पलीकडची अधूनमधून कुंपणाशी येते, इकडचं तिकडचं बोलते, आणि निघता निघता विचारते, "त्या दिवशी नेमकं काय म्हणाली होती गं?" एकच गोष्ट दोनदा सांगायला लावणाऱ्या माणसाला मी फाडून खाते. तिला मात्र सांगते, नातीच्याच आवाजात.